सोंग शिवायचं की भाड्यानं आणायचं?

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचं सोंग घेण्याच्या, नादाला लागलेल्या पोरांना हे पहिल्याच महिन्यात कळतं. दिल्लीत २०११ साली सुरू झालेलं कॉमिक कॉन हे कॉमिक्सवेड्यांचं संमेलन पुढे मुंबईतही रुळलं. लालबाग-परळमधल्या कुणाला जपानी अ‍ॅनिमेतला नारुतो व्हायचं असतं, कुणाला लुफी. मग वाद निघतो: जो पोशाख स्वतः केलाच नाही, त्याला कॉस्प्ले म्हणायचं का?

गिरगावात हा प्रश्नच नवखा वाटेल. पाडव्याच्या शोभायात्रेत शिवबा झालेल्या पोराचा जिरेटोप कुठून आणला, हे कुणी विचारत नाही. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेपासून नाटकापर्यंत भाड्यानं पोशाख देणारा ड्रेसवाला आपल्या सोबतीला आहेच. या छंदाची सुरुवातही काही वेगळं सांगत नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यातल्या माणसाच्या वेशात गेला. तो वेश शिवला होता त्याच्यासोबत तशाच वेशात आलेल्या मर्टल डग्लसने. नुसता घालणारा तेव्हाही होता, आणि त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

तरी माझं मन करून पाहण्याकडे झुकतं. कवच करायचं तर फोमचा सपाट तुकडा हीट गनच्या झोतात मऊ पडतो. डब्यावर वाकवून गार होईपर्यंत धरला की त्याला खांद्याचा गोलावा येतो. चपला जोडायचं सोल्युशन दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच कडा जुळवायच्या. घाई केली तर सांधा उकलतो. नीट बसला तर पुन्हा सरकवता येत नाही. हे हाताला कळणं भाड्याच्या पिशवीत मिळत नाही. आणि शिकायला लांब जायला नको. सजावटीचा थर्माकोल २०१८ साली बंद झाला, तेव्हा मखरं करणारे कारागीर पुठ्ठ्या-कापडाकडे वळले. फोम कापण्याआधी रद्दी पुठ्ठ्यावर माप बेतून पाहणाऱ्या मुलाने अशा एखाद्या मखरवाल्याशेजारी दोन संध्याकाळी बसावं.

पण या आग्रहाची दुसरी बाजू घरातच उभी असते. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथेच गॅस, तिथेच बहिणीचा अभ्यास, तिथेच आजोबांची खाट. सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि ते पेटही घेतं. गॅलरीत बसण्याला पर्याय नाही. हीट गन, फोम, रंग, विग यांचा खर्च निराळाच. ज्याच्याकडे जागा आणि पैसा नाही, त्याला ‘तू खरा नव्हेस’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कॉस्प्लेच्या स्पर्धेत कारागिरीचं आणि सादरीकरणाचं बक्षीस वेगळं ठेवलं, तर निम्मी कटुता जाईल.

नवशिक्याला माझा सल्ला असा: कवचाच्या मागे पहिल्याच वेळी लागू नका. हिंदमाताजवळ कापड घ्या, ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्या, आणि एकच वस्तू, कपाळपट्टी म्हणा, हातातलं शस्त्र म्हणा, स्वतः करा. उरलेलं भाड्याचं चालेल.

मात्र घालायला शिकणं भाड्यानं मिळत नाही, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गिरणगावातल्या लालबागने कोकणातून येणारे दशावतारी नट पाहिले आहेत. ते आपला चेहरा आपणच रंगवतात, राजा होऊन बसणं-उठणं अंगात भिनवतात. तसाच आपलाही पोशाख आधी घरी दोन तास घालून बघावा. जिना उतरावा, पाणी प्यावं, खाली बसून उठावं. विगखाली घाम कुठून ओघळतो, मुखवट्यातून किती दिसतं, हे तेव्हाच कळतं. दादरच्या पुलावर गर्दीत कळून उपयोग नाही. संमेलनाला पोचेपर्यंत पोशाख पिशवीतच बरा. आणि तिथे तो घालून उभ्या असलेल्या मुलीला न विचारता कुणी खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागलं, तर शेजारच्या नारुतोने पुढे होऊन त्याला थांबवावं.