गट्टू गेला कुठे?

एशियन पेंट्सची यशोगाथा सांगताना आपण १९४२ साल, मुंबई आणि चार मित्र एवढ्यावरच थांबतो. मला वाटतं, खरी गोष्ट छोट्या डब्यात आहे. महायुद्धामुळे रंगांची आयात आटली होती. मोठ्या शहरांत चलती परदेशी कंपन्यांची. म्हणून या मंडळींनी गावोगावचे छोटे दुकानदार गाठले, छोटे डबे विकले. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला बादलीभर रंग कोण घेणार? १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टूही याच साध्या माणसांतला, हातात ब्रश घेतलेला. १९६७ पर्यंत कंपनी देशात पहिल्या क्रमांकावर पोचली. पुढे फिजीपासून परदेशातही पसरली.

आता जाहिरातीत सोफा असतो, हसरं कुटुंब असतं, गट्टू नाही. धंदा वाढला की चेहरा बदलणारच, मान्य. पण घराला कुठला रंग घ्यायचा, हे आजही आपण रंगाऱ्यालाच विचारतो ना? मग कॉमर्सच्या प्रोजेक्टमध्ये संस्थापकांच्या फोटोशेजारी एक पान त्याच्यासाठीही ठेवूया. ही वाढ त्याच्याही हातची आहे.