ड्रुपल कोणत्या पुस्तकातून शिकावे?



मी राहते ते ॲडम्सटाउन हे डब्लिनच्या पश्चिमेला आखून वसवलेले गाव. इथले रेल्वे स्थानक २००७ साली सुरू झाले. इथे बरेचजण बाहेरून आलेले, आणि त्यातले काही नोकरीमागे पुढे जाणारे. अशा ठिकाणी संस्थेचे संकेतस्थळ बहुधा एकच हौशी माणूस सांभाळतो. तो गेला की संकेतस्थळ पोरके होते. त्यामुळे "ड्रुपलसाठी पुस्तक सुचवा" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आधी आवृत्ती पाहा. ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये खुली केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली २०१५ च्या आठव्या आवृत्तीत मुळापासून बदलली. व्हॅनडाइक व वेस्टगेट यांचे २००७ चे 'प्रो ड्रुपल डेव्हलपमेंट' नावाजलेले, पण त्यातला कोड आज चालणार नाही. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधारही जानेवारी २०२५ मध्ये संपला. स्वस्तात मिळते म्हणून जुने पुस्तक घेऊ नका. आशयाचे प्रकार, वर्गीकरण, सदस्यांच्या भूमिका आणि परवानग्या या कल्पना मात्र टिकून आहेत. त्या आधी समजून घ्या, कोड नंतर.

सुरुवातीला पैसे खर्चायचीही गरज नाही. ड्रुपलच्या अधिकृत संकेतस्थळावर 'ड्रुपल यूजर गाइड' फुकट वाचता येते. एका काल्पनिक शेतकरी बाजाराचे संकेतस्थळ उभारत ते शिकवते: विक्रेते, त्यांचा माल, पाककृती. आठवडी बाजार पाहिलेल्या माणसाला हे उदाहरण परके वाटू नये. त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली कोणीही त्याचे मराठी भाषांतर करू शकतो.

आपल्याकडे जाणकारांची वाण नाही. २०१६ मध्ये ड्रुपलकॉन फेब्रुवारीत मुंबईच्या आयआयटीत आणि सप्टेंबरमध्ये डब्लिनमध्ये भरली होती. पण प्रयोगशाळेतला माझा अनुभव असा की पद्धत वहीत उतरवली नाही तर ती माणसाबरोबर निघून जाते. ज्ञान मोजक्यांच्या हाती राहिले की काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

म्हणून विनंती: एकट्याने शिकू नका, जोडीने शिका. आणि शिकताना एकेक प्रकरण मराठीत आणा. पहिले प्रकरण मी घेते. दुसरे कोण घेणार, ते कळवा.

आपली,
संपादक, ॲडम्सटाउन