चरख्याच्या नावाचा प्राणी : साओला

जगातले सगळे मोठे प्राणी माणसाला कधीच माहीत झाले आहेत, असे आपल्याला वाटते. पण गाईगुरांच्या कुळातला, शंभर किलोपर्यंत वजन भरणारा एक प्राणी शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे, १९९२ साली कळला. त्याचे नाव साओला. आज आम्ही त्याचीच हकिकत सांगणार आहोत.

व्हिएतनाम आणि लाओस या देशांच्या सरहद्दीवर अन्नामी डोंगररांग आहे. तिथले जंगल दाट, सदाहरित आणि कायम ओलसर. व्हिएतनामच्या वनखात्याची माणसे परदेशी तज्ज्ञांबरोबर तिथल्या वू क्वांग भागात पाहणी करीत होती. शिकाऱ्यांच्या घरांत त्यांना लांब, सरळ शिंगे दिसली. अशी शिंगे कोणत्याच पुस्तकात नव्हती. १९९३ साली या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले.

नवा प्राणी सापडला, असे जगाने म्हटले. पण तिथले डोंगरी गावकरी त्याला आधीपासून ओळखत होते. साओला हे नावही त्यांचेच. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ चरख्याचे उभे खांब. दोन्ही शिंगे जवळजवळ समांतर आणि मागे झुकलेली. घरात सूत कातणाऱ्या माणसाला ती पाहून चरखाच आठवणार!

शिंगे नर आणि मादी दोघांनाही असतात. ती अर्ध्या मीटरपर्यंत वाढतात. अंग तपकिरी, तोंडावर पांढरे पट्टे. बांधा हरणासारखा दिसला तरी नाते रानगुरांशी जवळचे. डोळ्यांपुढे गालावर मोठ्या गंधग्रंथी असतात. त्यांतला वास दगडाझाडांना लावून तो आपली खूण ठेवतो. १९९६ साली लाओसमध्ये पकडलेली एक मादी थोडे दिवस जगली. माणसाजवळ ती शांत राही, पण कुत्रा दिसला की घाबरून जाई. आज जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात साओला नाही.

आता दुःखाची गोष्ट. साओलाला बाजारात फारशी मागणी नाही. तरी तो मरतो, कारण रानडुक्कर, भेकर यांच्यासाठी लावलेल्या तारेच्या फासात त्याचाही पाय अडकतो. फास आपला-परका ओळखत नाही. तो लावणारा हात बहुतेक वेळा गरिबाचा असतो, पण रानमांस मागणारी हॉटेले शहरातली असतात. दोष देताना हे विसरू नये. मध्य व्हिएतनाममधल्या साओलासाठी राखलेल्या जंगलांतून २०११ नंतरच्या काही वर्षांत गस्तीपथकांनी एक लाखाहून अधिक फास काढले. त्या पथकांत गावकरीही होते.

सप्टेंबर २०१३ मध्ये मध्य व्हिएतनामच्या जंगलात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने एक साओला टिपला. त्यानंतर जिवंत साओलाचा पक्का पुरावा मिळालेला नाही. मग तो संपला का? शोध अजून चालू आहे. जळवांच्या पोटातल्या रक्तातूनसुद्धा त्याचा माग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत.

२०२५ साली एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. शिकाऱ्यांच्या घरांत जपलेल्या अवशेषांवरून २६ साओलांची आनुवंशिक तपासणी करण्यात आली. त्यांचे दोन गट हजारो वर्षे वेगळे राहिले होते, असे त्यातून कळले. दोन्ही गटांतले थोडे प्राणी हाती लागले आणि एकत्र वाढवता आले, तर वंश टिकण्याची आशा आहे.

मुलांना ही हकिकत सांगताना एक गोष्ट जरूर सांगावी. साओलाचे नाव गावकऱ्यांनी दिले, पहिली शिंगे त्यांच्या घरात मिळाली, आणि तपासणीचे अवशेषही त्यांच्याच घरातून आले. प्रयोगशाळा हवीच. पण जंगलात साओला उरला असेल, तर त्याची वाट दाखवणारा बहुधा तिथला गावकरीच असेल. त्याचे पोट भरेल आणि त्याच्या शब्दाला मान मिळेल, अशी व्यवस्था झाली पाहिजे, असे आम्हाला वाटते.