ओल भिंतीत, खोकला छातीत

शुक्रवार पेठेतील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा खोकला दरवर्षी आषाढात बळावत असे आणि गडहिंग्लजला लेकीकडे गेल्या की आठवडाभरात ओसरत असे. एक्स-रे, रक्ततपासणी, सारे झाले. हवापालट मानवतो, एवढेच मी म्हणत राहिलो. कारण उमगण्यास मला तीन पावसाळे लागले आणि तेही घरभेटीत.

गुडघ्यांमुळे आजींचा पलंग तळाच्या खोलीत होता. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि खोली रस्त्याखाली गेली. आता तिला तळघरच म्हणावे. पलंगामागची ट्रंक सरकवली, तेव्हा भिंतीवर काळसर बुरशी दिसली. गादीची खालची बाजू दमट होती. घरातल्यांना वास येत नव्हता; रोजच्या सवयीने नाक तो विसरते. पाहुणा दारात थबकला, तर त्याचे जरूर ऐकावे.

जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या पायथ्याशी प्रथम दिसते. लोणा लागतो, म्हणजे पांढरी खारट पूड सुटते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात. ओल वरून उतरत असेल, तर गळके छत किंवा नळ शोधावा. फरशीबद्दल शंका असल्यास दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खालून थेंब साचले तर ओल जमिनीची, वरून साचले तर खोलीतल्या दमट हवेची. ओल्या भिंतीवर दिवाळीत ऑइलपेंट फासणे हा आपला आवडता उपाय. त्याने डाग झाकतो, पाणी आतच राहते.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे जाऊन दमा चाळवतात, जुना श्वसनविकारही बळावतो. म्हणून बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये. मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी, आणि हे काम दम्याच्या रुग्णाने मुळीच करू नये. स्विचजवळ ओल असेल किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवावे.

नदीकाठच्या पेठांना आणखी एक काळजी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. परंतु सखल खोल्यांत जमिनीतून किंवा गटारातून पाणी त्याआधीही डोकावू शकते. न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे येऊ लागले, की वडीलधाऱ्यांना औषधांसह वर हलवावे. जमिनीखालच्या टाकीतले पाणी गढूळ दिसले, तर पिणे तत्काळ थांबवावे. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आजी आता माडीवर झोपतात. मुलाने जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला. इनहेलर सुटलेला नाही. पण यंदा आषाढातल्या रात्री त्यांना उशीला टेकून बसून काढाव्या लागल्या नाहीत.