अन्नचोरीचें त्रैराशिक

त्रैराशिक सर्वत्र लागू पडतें अशी भाबडी श्रद्धा विद्यार्थ्यांत, आणि प्रसंगीं शिक्षकांतही, आढळते. तिला शह देणारें एक गणित आफ्रिकेंतील अरण्यांतून आलें आहे, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवितों.

तेथील रानकुत्रे (आपल्या सह्याद्रींतील कोळसुंद्यांहून हे निराळे) कळपानें शिकार करितात आणि ठिपकेवाले तरस संधि साधून ती हिरावून नेतात. क्रूगर राष्ट्रीय उद्यानांतील अशा कुत्र्यांचा दैनंदिन शक्तिव्यय संशोधकांनीं मोजला व त्यावरून बसविलेलें गणित १९९८ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पोट भरण्यासाठीं कुत्र्यास दिवसाकाठीं सुमारें साडेतीन तास शिकार करावी लागते. आतां तरसांनीं चौथाई अन्न पळविलें, तर किती तास लागतील? त्रैराशिक सांगेल, ४ तास ४० मिनिटें. संशोधकांचें उत्तर आहे १२ तास!

हें कसें? समजुतीसाठीं माझ्या पदरचे सोपे आंकडे घेतों. तासाभराच्या शिकारींत २० भाग शक्ति मिळते, परंतु त्या धांवपळींत १३ भाग जळते; शिल्लक ७. चौथाई चोरीस गेली म्हणजे विसांचे १५ झाले. पण जळालेले १३ कोणी भरून देत नाहीं. शिल्लक उरली अवघी २. पूर्वीइतकी शिल्लक पडावयास आतां साडेतीन पट वेळ हवा, म्हणजे सव्वाबारा तास. चोर मिळकत नेतो, खर्च जागच्या जागीं राहतो. घर चालविणाऱ्या गृहिणींस हें मीं सांगावयास नकोच.

चित्त्याची (हा शब्द संस्कृत 'चित्रक' यापासून आला) गोष्ट वेगळी. त्याचीही शिकार सिंह व तरस बळकावितात. परंतु त्याची प्रसिद्ध धांव क्षणिक असते. शक्ति मुख्यतः खर्च होते ती भक्ष्य शोधीत चालण्यांत. म्हणून चौथाई शिकार गेली तरी त्याचें काम दिवसाला सुमारें एका तासानेंच वाढतें, असें २०१४ सालीं 'सायन्स' मधील एका निबंधांत दाखविलें आहे.

रानकुत्र्यांची जात आज संकटांत आहे, तेव्हां हें गणित केवळ करमणुकीचें नव्हे. एक उणीव मात्र मला जाणवते: वरील हिशेबांत चोरीचा अंश बाहेरून गृहीत धरिला आहे. प्रत्यक्षांत मोठा कळप तरसांस हांकून लावितो आणि दाट झुडपांत तरसांना शिकारीचा पत्ताही उशिरा लागतो. कळप घटला कीं राखण ढिली पडते, चोरी वाढते आणि उरलेल्यांचे शिकारीचे तास आणखी लांबतात.