नीट हुकली म्हणून मास्तर?

"मगे फुडे काय करतलस?" जामसंड्याच्या नाक्यावर हा प्रश्न चुकत नाही. तुम्ही सांगता, बीएस्सी करतोय, जीवशास्त्र घेऊन. मग बीएड आणि शाळेत शिक्षक. समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे नीट नाय जमली?"

राग येतो ना? पण खरं सांगा, यातलं अर्धं आपणही मान्य केलेलं असतं. आधी डॉक्टर, मग फार्मसी, मग नर्सिंग, काहीच नाही तर बीएस्सी आणि त्यानंतरही काही सुचलं नाही तर बीएड. मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. बीएड शेवटचा पर्याय म्हणून करणार असाल तर करूच नका. करायचं तर एफवायलाच ठरवून करा.

कारण रस्ता लांब आहे. बीएस्सी झाली की बीएडची सीईटी, मग बीएडची दोन वर्षं. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा दुसरा पेपर. १५० गुण, खुल्या गटाला ६० टक्के हवेत. विज्ञानवाल्यांना त्यात ६० गुण गणित-विज्ञानाचे. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्यांनी हे आजच लिहून ठेवावं. पहिली ते पाचवीचं दार सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये बीएडवाल्यांना बंद केलं, तिथे डीएलएड लागतं. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचं तर एमएस्सी आणि बीएड दोन्ही.

एवढं झालं की टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. २०० गुण. १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. ज्या विषयात तुम्ही पदवी घेतली, त्याची वेगळी परीक्षा नाहीच. बरं, ही टेट दरवर्षी होते असंही नाही. २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ ला आणि मग २०२५ ला. मधली वर्षं कुणी तासिका तत्त्वावर काढली, कुणी आंब्याच्या पेट्या भरून. पुढे पवित्र पोर्टल. नाव लागलं तरी शाळा देवगड तालुक्यातलीच मिळेल याची खात्री नाही. इकडे बाहेरच्या जिल्ह्यातले शिक्षक येतात आणि बदली मिळाली की जातात, म्हणून स्थानिकांना घ्या अशी मागणी होते. ती मला पटते. पण आपण स्थानिक आहोत म्हणजे नक्की काय देणार आहोत, हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे.

कारण या सगळ्यात एक गोष्ट मागेच राहते. सातवीच्या पोरांसमोर उभं राहून तुम्हाला शिकवता येतं का? बीएडला २० आठवडे शाळेत काढावे लागतात, तिथे ते शिकायला मिळतं. पण मुलाखतीशिवायच्या भरतीत यादी लागते टेटच्या गुणांवर. मुलाखत म्हटली की वशिला आला, म्हणून गुणांची यादी बरी, हेही खरं. मग उरतं काय? परीक्षा जे तपासत नाही ते आपणच कमवायचं.

आणि इथे जामसंड्याचं पोर फायद्यात आहे. दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आनुवंशिकतेचा. वर्गात विचारून बघा, "हापूसची कोय लावली तर हापूसच येतो काय?" बागवाल्यांची पोरं लगेच सांगतील, नाय, कलम लावूक व्हया. का? इथे घरातले बहुतेक जण गप्प होतात आणि शिक्षकाचं काम सुरू होतं. कोयीत परागकण देणाऱ्या झाडाचाही वाटा येतो, कलमात मूळ झाडाचीच जनुकं जशीच्या तशी येतात. फळ्यावर मेंडेल काढण्याआधी धडा अर्धा शिकवून झालेला असतो.

प्राण्यांचं वर्गीकरण पाठ होत नाही? देवगड बंदरावर जा. बांगड्याचा सांगाडा हाडांचा, मोरीचा कूर्चेचा. शेजारच्या टोपलीतलं म्हाकूल मासाच नव्हे, ते मृदुकाय. कोळंबी संधिपाद. पावसात सड्यावर कीटक खाणारं दवबिंदू उगवतं, खाडीत कांदळवनाची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. हे सगळं पुस्तकात आकृती म्हणून येतं आणि आपली पोरं ती आकृती पाठ करतात. खिडकीबाहेर मोहोर आलेला असताना.

तेव्हा तुम्हाला एकच काम सांगतो. याच वर्षी, पदवी हातात यायच्या आधी, आपल्या जुन्या शाळेत जा. सरांना विचारून एक तास मागा, पाचवीचा चालेल, आठवीचा चालेल. एक फूल उघडून दाखवा. पोरं भलतेच प्रश्न विचारतील. अर्ध्यांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. घरी येऊन ती शोधावीशी वाटली, तर सीईटी, टीईटी, टेट सगळं झेपेल. कंटाळा आला, तर आत्ताच दुसरी वाट धरा. तुमचीही पाच-सहा वर्षं वाचतील आणि पोरांचीही.

आणि नाक्यावर पुन्हा कुणी विचारलंच, तर बिनधास्त सांगा, "पोरांका नीट शिकवचा आसा, म्हणान."