हात गेला एका क्षणात, कागद जुळेनात वर्षभरात



जिल्हा बैठकीला येणारा माणूस मोकळ्या हाताने येत नाही, बरोबर पिशवी आणतो. कुणाच्या पिशवीत सोसायटीची नोटीस, कुणाच्या वीजबिल, कुणाच्या पीकविम्याची पावती. अलीकडे एका वेगळ्या पिशवीचा भरणा वाढला आहे. तिच्यात क्ष-किरणाचे फोटो, दवाखान्याचे केस पेपर, सातबारा, आधारकार्डाच्या चार-पाच छायाप्रती आणि वर 'त्रुटी पूर्तता करावी' असा शेरा मारलेला कागद असतो. पिशवी धरणाऱ्याचा एक हात बाहीत मोकळा लोंबत असतो, किंवा त्याला खुर्चीपर्यंत कोणी तरी धरून आणलेले असते.

अशीच एक पिशवी मागच्या बैठकीत उघडली. शेजाऱ्याच्या खळ्यात ज्वारीची मळणी चालली होती. हडंब्यात कणसे सारताना हा गडी ओढला गेला, उजवा हात कोपराखाली गेला. जीपगाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरने विचारले, कसे झाले? बरोबरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. यंत्र शेजाऱ्याचे, शेजारी भावकीतला, त्याच्यामागे पोलीस लागतील ही भीती. 'घरी पडला' असे सांगून मोकळे झाले. तेच केस पेपरवर उतरले. पोलिसात खबर नाही, पंचनामा नाही. पुढे वर्षभर त्या दोन शब्दांनी या माणसाचा पाठलाग केला. हात तुटलेला साऱ्यांना दिसतो, पण कागद म्हणतो की तो घरी पडला.

हा एकट्याचा प्रश्न असता तर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. योजना नीट समजून घेतली तर दिसते की तिचे दार जिथे आहे, तिथेच अडसरही लावलेला आहे.

महाराष्ट्रात २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना आहे. २०१५ मध्ये तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव मिळाले आणि रकमा वाढल्या. अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख. दोन्ही डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव कायमचा गेला तरी दोन लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. हप्ता सरकार भरायचे, कंपनी सरकार नेमायचे, आणि दावा नाकारायचे काम कंपनीकडे. कधी एका कंपनीचा करार संपे आणि दुसरीचा सुरू होईना. मधल्या काळाला सरकारी भाषेत 'खंडित कालावधी' असे गोंडस नाव आहे. २०२२-२३ मध्ये असाच खंड पडला. साप काही करार पाहून चावत नाही आणि विहिरीची दरड निविदेची वाट पाहत नाही. त्या काळात ज्यांचे हातपाय गेले, त्यांना मुंबईतून वेगळा निर्णय निघण्याची वाट पाहत बसावे लागले.

मग १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनी बाजूला झाली. आता योजनेचे नाव 'शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान'. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, निर्णय तहसीलदाराच्या अध्यक्षतेखालील समितीने करायचा, पैसे खात्यात जमा व्हायचे. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील, नावावर जमीन नसलेली एक व्यक्ती यांना ती लागू आहे. कंपनी गेली हे चांगलेच झाले, त्याबद्दल कुरकुर नाही. पण 'विमा' हा शब्दही तिच्याबरोबर गेला आणि 'सानुग्रह' आला, हे लक्षात ठेवले पाहिजे. विमा हा करार असतो, त्यात हक्काने मागता येते. अनुग्रह देवाचा नाही तर राजाचा.

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते विचारतील, 'सूट-सबसिडी नको, भीक नको म्हणणारे आपण, मग या लाखभर रुपयांच्या मागे का लागायचे?' प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ही भीक नाही. कारखान्यात कामगाराचा हात गेला तर भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. स्वतःच्या खळ्यात, फवारणीत, विहिरीत राबणाऱ्या शेतकऱ्याला तसे काही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांची नजर गेली होती. मालाला भाव असा की माणूस चांगले यंत्र, चांगला पंप, हातमोजे घेऊ शकत नाही. तो भाव ज्यांनी पाडला त्यांच्याकडूनच ही रक्कम येते. ती आपल्याच उणे सबसिडीतून परत आलेली चिल्लर आहे.

आणि चिल्लर किती, तेही पाहा. २०१५-१६ साली मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,८०० रुपये होता. एका हाताचे एक लाख म्हणजे तेव्हा २६ क्विंटल कापूस. २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. हाताचे एक लाख तसेच राहिले, म्हणजे आता १३ क्विंटल. हमीभाव कुठे मिळतो हा वेगळा विषय. पण खुद्द सरकारच्या हिशेबाने दहा वर्षांत कापूस दुपटीने वधारला आणि तो वेचणारा हात निम्म्यावर आला.

आता अडसर कुठे ते बघू. अपघातानंतर अर्ज करायचा तो ३० दिवसांत. त्यात अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र 'कायमचे' अपंगत्व आले असे सांगणारे हवे. जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर म्हणतो, जखम अजून ओली आहे, उपचार चालू आहेत, चार-सहा महिन्यांनी या, मग कायमचे किती ते ठरवू. डॉक्टरचे चुकत नाही. डोळ्याला मार लागला, मणक्याला लागले, तर किती परत येईल हे महिन्यात कोण सांगणार? पण कृषी कार्यालयाच्या घड्याळात ३० दिवस संपलेले असतात. शिवाय प्रमाणपत्र आता फक्त केंद्र सरकारच्या संगणकी व्यवस्थेतून मिळते. त्यासाठी आधी ऑनलाइन अर्ज, मग मंडळापुढे तपासणीची तारीख. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या नियमांत प्रमाणपत्राला एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने केली. म्हणजे जे कागदपत्र द्यायला सरकार स्वतः तीन महिने घेणार, ते शेतकऱ्याने ३० दिवसांत आणायचे!

यावर मागणी एकच आहे आणि ती साधी आहे. अपंगत्वाच्या दाव्यात मुदत अपघाताच्या दिवसापासून नव्हे, प्रमाणपत्र हाती पडेल त्या दिवसापासून मोजावी. जिल्हा बैठकीने हा ठराव करावा.

ठराव मुंबईला पोचेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. अपघात झाला की घरातला एक जण दवाखान्यात आणि एक जण कागदाच्या मागे, अशी वाटणी करा. केस पेपरवर खरे कारण लिहून घ्या: मळणी यंत्र, फवारणी, सर्पदंश, बैलाने मारले, विहिरीत पडला, जे असेल ते. शेजाऱ्याच्या यंत्रावर झाले म्हणून शेजारी फासावर जात नाही, पण खोटे कारण लिहिले तर जखमी माणूस कायमचा जातो. पोलीस पाटलाला त्याच दिवशी कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आणि अर्ज अपुरा का असेना, ३० दिवसांच्या आत टाका. 'अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळताच सादर करतो' असे त्यातच लिहा. वर तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कारकून म्हणेल, 'राहू द्या हो, सगळे कागद झाले की एकदमच आणा.' तो चांगल्या मनाने म्हणत असेल, पण या वाक्याने जितके दावे बुडाले तितके नकाराच्या पत्रांनीही बुडाले नसतील.

पोच का एवढी महत्त्वाची? कागदपत्रे पुरी झाल्यावर समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा आहे. नाकारले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अपील आहे. ज्याच्याकडे पोच नाही त्याचा अर्ज झालाच नाही, तर उशीर कसला आणि अपील कसले? तोंडी नकार तर मुळीच घेऊ नये. कारण लेखी मागावे, देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून आपल्या फाइलीवरचे शेरे मागावेत. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या कागदांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. चुकले तर त्याच कायद्यात अपील आहे आणि अधिकाऱ्याला दंडही आहे.

सातबाऱ्याचे दुखणे आणखी खोल आहे. बाप वारून आठ वर्षे झाली, जमीन मुलगा कसतो, पण वारसाचा फेरफार झालेला नाही. तलाठ्याकडे (२०२४ पासून त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, चावडी तीच आहे) जायला सवड नाही, किंवा भावाभावांत मिटत नाही म्हणून ते राहून जाते. अपघाताच्या दिवशी तो खातेदार नसतो. घाईघाईने नंतर नाव लावले तर तारीख बोलते. आणि 'रामराव' सातबाऱ्यावर, 'रामा' आधारवर, 'रामभाऊ' बँकेच्या पुस्तकावर, ही तर घराघरांतली गोष्ट. ही दुरुस्ती अपघातानंतर नव्हे, या उन्हाळ्यातच करून घ्या. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमीन केली, त्या घरांना आज याचा वेगळाच उपयोग कळतो. ती स्वतः खातेदार आहे, तिला कुणाच्या नावाआडून दावा करावा लागत नाही.

उरला शेतमजूर, आणि त्याच्याबद्दल आपण गप्प राहतो, हे कबूल केले पाहिजे. पंप पाठीवर त्याच्या, हडंब्यासमोर तो उभा, पण त्याच्याकडे सातबारा नाही. या योजनेत तो नाही. त्याला एक रस्ता म्हणजे १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिथे ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि अपंगाच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत असावे लागते. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला सत्तावीस रुपये! खरे उत्पन्न लिहिले तर तो बसत नाही, खोटे लिहिले तर तो गुन्हेगार. या योजनेत महिना दीड हजार मिळायचे. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी ती रक्कम अडीच हजार करण्यात आली, ही वाढ चांगली आहे. पण पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात आणि ज्याचे दोन्ही हात गेले त्यालाही अंगठा लाव म्हणणारे यंत्र समोर असते. अपघात योजनेत मजुराला घेतले पाहिजे, ही मागणी आपण शेतकऱ्यांनीच लावून धरली पाहिजे. मजूर आपल्या शेतात जखमी होतो.

आणखी एक. थ्रेशरमध्ये हात जातो तसा बऱ्याचदा पुरा हात जात नाही, तीन बोटे जातात. योजनेच्या तक्त्यात डोळा आहे, अवयव आहे, बोटांना जागा नाही. तीन बोटे गेलेल्या हाताने कापूस वेचून पाहावा, मग तक्ता लिहावा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या अपंगत्वाच्या दाव्यांची यादी आणावी: गाव, अपघाताची तारीख, अर्जाची तारीख, पोच आहे की नाही, आणि कार्यालयाने शेवटचे काय लिहून दिले. नाव नको असेल तर लिहू नका. ज्यांनी अर्जच केलेला नाही त्यांनाही आणा, त्यांची यादी वेगळी करू. अपिलात जाण्यासारखी प्रकरणे त्याच दिवशी निवडून जिल्हाधिकारी कार्यालयात एकत्र दाखल करायची आहेत. पोचेच्या दोन छायाप्रती बरोबर ठेवा, मूळ प्रत कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.